वानगी आणि गळ : सशुल्क ऑनलाइन सेवांनी मोफत चाचणी द्यावी काय?

बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे गाव मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. लोणारच्या प्रसिद्ध सरोवराकडे जाणारा रस्ता येथूनच वळतो. सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा ही या टापूतील मुख्य पिके. येथील शेतकरी आपला माल मेहकर किंवा लोणारच्या बाजार समितीत नेतो, तेव्हा व्यापारी आधी पोत्यातून मूठभर दाणे काढून तळहातावर घेतो, ओलावा अजमावतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच भाव बोलतो. या मूठभर दाण्यांना आपल्याकडे वानगी म्हणतात. वानगीचे पैसे कोणी मागत नाही, आणि वानगी घेतली म्हणून माल घेतलाच पाहिजे असे बंधनही कोणी घालत नाही.

आज त्याच शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवर नाना प्रकारच्या सेवा विकावयास आल्या आहेत. हवामानाचा अंदाज, पिकावरील रोगाचा सल्ला, पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग, चित्रपट, मालिका, गाणी, वृत्तपत्रांचे विशेष लेख अशा अनेक गोष्टी मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर मिळतात. त्यांतील अनेकांच्या दारावर एकच पाटी असते : ‘पहिले काही दिवस मोफत’. ही पाटी म्हणजे बाजारातील वानगी आहे की माशासाठी गळाला लावलेले आमिष आहे, हा प्रश्न ग्राहकाच्या खिशाशी जितका निगडित आहे तितकाच सेवा देणाऱ्याच्या पतीशीही निगडित आहे. सेवादात्याने अशी मोफत चाचणी द्यावी काय, द्यावयाची तर कोणत्या अटींवर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोफत चाचणीचे चार प्रकार

‘मोफत’ हा शब्द एकच असला तरी त्यामागील व्यवहार चार प्रकारचे असतात. पहिला प्रकार मुदतीच्या चाचणीचा. यात सात, चौदा किंवा तीस दिवस संपूर्ण सेवा विनामूल्य मिळते आणि मुदत संपताच ती बंद होते. दुसऱ्या प्रकारात सेवेचा काही भाग कायमचा मोफत असतो आणि उरलेल्या भागासाठी पैसे मोजावे लागतात. विवाहविषयक संकेतस्थळांवर नाव नोंदविणे विनामूल्य असते, परंतु समोरच्या स्थळाचा संपर्क हवा असल्यास सभासद व्हावे लागते, हे त्याचे परिचित उदाहरण.

तिसरा प्रकार नाममात्र शुल्काचा. एक किंवा दोन रुपयांत काही दिवस सेवा मिळते, मात्र त्या रुपयाबरोबरच पुढील पूर्ण वर्गणी खात्यातून आपोआप वळती करून घेण्याची परवानगीही घेतली जाते. चौथा प्रकार परताव्याचा. आधी पूर्ण पैसे भरावयाचे आणि ठरावीक दिवसांत सेवा पसंत पडली नाही तर ते परत मागावयाचे. या चौघांत पहिले दोन वानगीच्या जवळचे आहेत. तिसऱ्यात गळ होण्याची शक्यता सर्वाधिक आहे. चौथा तत्त्वतः प्रामाणिक असला तरी ज्याच्याकडे आधी देण्याइतके पैसे आहेत त्याच्याच उपयोगाचा आहे.

जुनीच रीत, नवे माध्यम

विनामूल्य नमुना देण्याची रीत इंटरनेटने आणलेली नाही. मराठी मासिके आणि साप्ताहिके नव्या वाचकाला नमुना अंक पाठवीत आणि तो आवडल्यास वर्गणी मनीऑर्डरने धाडण्याची विनंती करीत. यात एक गोष्ट महत्त्वाची होती. वर्गणी पाठविण्यासाठी वाचकाला स्वतः उठून टपाल कार्यालयात जावे लागे. त्याने काहीच केले नाही तर त्याचे पैसे त्याच्याकडेच राहत.

संगणकाच्या जगात ही रीत सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली ती अमेरिका ऑनलाइन या अमेरिकी कंपनीने. १९९० च्या दशकात तिने मोफत वापराचे तास देऊ करणाऱ्या तबकड्या घरोघरी पाठविल्या आणि लक्षावधी ग्राहक मिळविले. परंतु मोफत तास संपल्यावर ग्राहकाच्या खात्यातून पैसे जाऊ लागत, आणि हे आपल्याला स्पष्टपणे सांगितलेच नव्हते अशा तक्रारी सुरू झाल्या. अखेर १९९७ मध्ये अमेरिका ऑनलाइन, कॉम्प्युसर्व्ह आणि प्रॉडिजी या तिन्ही कंपन्यांना तेथील फेडरल ट्रेड कमिशनबरोबर तडजोड करून आपल्या ‘मोफत चाचणी’च्या अटी ठळकपणे सांगण्याचे मान्य करावे लागले. म्हणजे आज आपल्याकडे ज्या तक्रारी ऐकू येतात त्या पाव शतकाहून जुन्या आहेत. नमुना अंक आणि तबकडी यांत फरक एवढाच होता की, पहिल्यात ग्राहकाचे मौन म्हणजे नकार होता, तर दुसऱ्यात ग्राहकाचे मौन म्हणजे होकार मानला गेला. साऱ्या वादाचे मूळ या एका फरकात आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांवर झालेला प्रयोग

हा विषय आपल्या मातीत तपासून पाहण्याजोगे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. २००७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा महाराष्ट्रात सुरू केली. साध्या मोबाइलवर मराठीतून लघुसंदेश येत. त्यांत निवडलेल्या पिकाचे बाजारभाव, हवामानाचा अंदाज, पिकाविषयीचा सल्ला आणि शेतीविषयक बातम्या असत. ही सेवा सशुल्क होती, पण वर्गणी महिन्याला शंभर रुपयांहून कमी होती.

अर्थशास्त्रज्ञ मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी या सेवेचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. महाराष्ट्रातील शंभर गावे निवडण्यात आली आणि त्यांतील काही शेतकऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून या सेवेची एक वर्षाची वर्गणी विनामूल्य देऊ करण्यात आली. उरलेल्या शेतकऱ्यांशी त्यांची तुलना झाली. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन ही पिके अभ्यासात होती. २०१२ मध्ये जागतिक बँकेच्या अर्थशास्त्रविषयक नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ते निष्कर्ष मोठे बोलके आहेत. ज्यांना सेवा मोफत देऊ केली होती, त्यांतील अनेकांनी ती वापरलीच नाही. ज्यांनी वापरली त्यांनी आपल्या काही निर्णयांत या संदेशांचा उपयोग झाल्याचे सांगितले. माल कोठे विकावा आणि त्याची प्रतवारी कशी करावी यांत थोडाफार फरक दिसलाही. परंतु मालाला मिळालेल्या सरासरी भावात, वादळी पावसाने होणाऱ्या नुकसानीत किंवा लागवडीच्या पद्धतीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. अभ्यासकांनी शेवटी असेही नोंदविले की, अभ्यासातील जिल्ह्यांत या सेवेला पैसे देऊन घेणारे ग्राहक थोडेच होते आणि त्यांची संख्या फारशी वाढतही नव्हती, ही गोष्ट या निष्कर्षांशी सुसंगतच आहे.

यातून मोफत चाचणीविषयी दोन धडे मिळतात. पहिला असा की, मोफत दिले म्हणजे लोक वापरतातच असे नाही. पैशाखेरीज वेळ, सवय आणि विश्वास यांचीही किंमत ग्राहक मोजत असतो. दुसरा धडा अधिक कठोर आहे. प्रामाणिक चाचणी सेवेचे खरे मोल उघडे करते. माल उत्तम असेल तर वानगी विक्रीस मदत करते, माल बेताचा असेल तर वानगीच त्याचा बेताचेपणा सांगून जाते. शिवाय शासनाच्या ‘ॲगमार्कनेट’ या व्यवस्थेतून आणि राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव विनामूल्य पाहता येतात, किसान कॉल सेंटरवर २००४ पासून सल्ला विनामूल्य मिळतो. जे अन्यत्र फुकट मिळते त्याहून काही अधिक देता आले तरच वर्गणी मागण्यात अर्थ आहे, आणि हे अधिक काय आहे ते दाखविण्याचा मार्ग चाचणीच होय.

फुकटची सवय लागते काय?

मोफत चाचणीच्या विरोधात हमखास पुढे येणारा आक्षेप म्हणजे ‘फुकटची सवय लागते आणि मग कोणी पैसे देत नाही’. या समजुतीचीही परीक्षा झाली आहे. पास्कालिन दुपा या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी केनियात मलेरियापासून संरक्षण करणाऱ्या मच्छरदाण्यांबाबत प्रयोग केला. काही कुटुंबांना पहिली मच्छरदाणी फुकट किंवा अत्यल्प किमतीत दिली, काहींना अधिक किमतीत. पुढे सर्वांना दुसरी मच्छरदाणी एकाच किमतीत देऊ केली, तेव्हा पहिली स्वस्तात मिळालेल्या कुटुंबांचा पैसे देऊन दुसरी घेण्याकडे कल अधिक आढळला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा की, वस्तू खरोखर उपयोगी असेल तर तिचा अनुभवच तिची किंमत पटवून देतो.

भारतातील अलीकडच्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण रिलायन्स जिओचे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी या कंपनीने आपली सेवा सुरू केली ती मोफत कॉल आणि मोफत डेटा देऊनच. ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतची ही सवलत पुढे ‘हॅपी न्यू इयर ऑफर’च्या नावाने ३१ मार्च २०१७ पर्यंत लांबविण्यात आली. प्रोत्साहनपर सवलत ९० दिवसांहून अधिक काळ देता येत नाही, या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या दंडकाकडे बोट दाखवून इतर कंपन्यांनी तक्रारी केल्या. परंतु दोन्ही सवलती वेगळ्या असल्याचे प्राधिकरणाने मानले. फेब्रुवारी २०१७ मध्ये दहा कोटी ग्राहक झाल्याचे कंपनीने जाहीर केले आणि मार्चअखेर त्यांपैकी ७ कोटी २० लाख ग्राहकांनी ९९ रुपये भरून ‘प्राइम’ सभासदत्व घेतल्याचे सांगितले. एप्रिल २०१७ मध्ये आणखी एक मोफत सवलत मात्र प्राधिकरणाच्या सूचनेवरून मागे घ्यावी लागली.

सुमारे सात महिने फुकट वापरलेल्या वस्तूसाठी बहुसंख्य ग्राहक पैसे देण्यास तयार झाले, हे येथे दिसते. तथापि या उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. एवढा प्रदीर्घ काळ मोफत सेवा देण्यास जे भांडवल लागते ते एखाद्याच उद्योगसमूहाकडे असते. भारती एअरटेलने तोट्याच्या दराने स्पर्धक संपविण्याचा आरोप केला होता. जिओचे बाजारात वर्चस्व नसल्याने तो टिकत नाही, असा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये दिला. पुढील काळात एअरसेल दिवाळखोरीत गेली, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले. ग्राहकाला फुकट मिळालेल्या महिन्यांचा हिशेब बाजार उशिरा मांडतो, एवढे यातून लक्षात ठेवावे.

सेवा देणाऱ्याचा हिशेब

आता एखाद्या लहान सेवादात्याच्या जागी आपण बसून पाहू. समजा, शेतीविषयक सल्ला देणारी एक सेवा महिना १०० रुपये वर्गणीवर चालते. एक हजार लोकांनी मोफत चाचणी घेतली आणि प्रत्येकामागे संदेश, साठवण आणि मदत केंद्र मिळून आठ रुपये खर्च आला, तर चाचणीचा एकूण खर्च आठ हजार रुपये झाला. त्यांतील शंभर जणांना सेवा मनापासून आवडली आणि ते सरासरी सहा महिने टिकले, तर साठ हजार रुपये जमा होतील. म्हणजे चाचणी फायद्याची ठरली.

आता याच सेवेने चाचणीच्या आरंभीच आपोआप वजावटीची परवानगी घेतली असे मानू. आवडलेले शंभर जण तर राहिलेच, पण आणखी दोनशे जण केवळ रद्द करावयाचे विसरले म्हणून एका महिन्याचे शंभर रुपये देऊन बसले. वीस हजार रुपये अधिक मिळाले. कागदावर हा मोह मोठा आहे आणि अनेक कंपन्या याच मोहाला बळी पडतात. परंतु हे दोनशे जण कोठे राहतात? सुलतानपूरसारख्या गावात एका घरातील ‘पैसे कापले गेले’ ही बातमी चहाच्या टपरीवर पोहोचावयास एक दिवसही लागत नाही. दुसऱ्या हंगामात त्या गावात त्या सेवेचे नाव काढण्याची सोय उरत नाही. वीस हजार रुपये ताळेबंदात दिसतात, गेलेली पत मात्र ताळेबंदात दिसत नाही.

हा केवळ नीतीचा उपदेश नव्हे. युरोपातील एका वृत्तपत्राच्या ऑनलाइन वाचकांवर झालेल्या प्रयोगात काहींना मुदतीनंतर आपोआप पुढे चालू राहणारी चाचणी देऊ केली, तर काहींना आपोआप बंद होणारी. आपोआप चालू राहणारी चाचणी स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने कमी भरले. म्हणजे आपण विसरू, हे पुष्कळ ग्राहकांना आधीच ठाऊक असते आणि म्हणून ते दारातूनच परत फिरतात. गळ दिसला की मासा आमिषालाही तोंड लावीत नाही.

सर्वच सेवांना मोफत चाचणी परवडते असेही नाही. जेथे एका ग्राहकामागचा खर्च नगण्य आहे, उदाहरणार्थ चित्रपट किंवा लेख, तेथे चाचणी देणे सोपे. जेथे कृषितज्ज्ञाने स्वतः फोनवर वेळ द्यावयाचा असतो तेथे अमर्याद मोफत सेवा देणारा लवकरच बुडतो. अशा ठिकाणी एक किंवा दोन सल्ले विनामूल्य द्यावेत, किंवा शांपूच्या पुडीप्रमाणे एका दिवसाची, एका सल्ल्याची लहान किंमत ठेवावी, हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे. नवनवी खाती उघडून पुन्हा पुन्हा मोफत चाचणी घेणारेही असतात. परंतु त्यांच्यासाठी प्रामाणिक ग्राहकाकडून बँकेचा तपशील मागणे म्हणजे उंदरासाठी घर जाळण्यासारखे आहे. एका मोबाइल क्रमांकाला एकदाच चाचणी, एवढी अट बहुतेक ठिकाणी पुरते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२० मध्ये भारतात दोन दिवस आपली सेवा सर्वांसाठी खुली केली, तेव्हा कोणाकडूनही कार्डाचा तपशील घेतला नव्हता, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

चाचणी किती दिवसांची असावी?

या प्रश्नाचे उत्तर सेवेच्या स्वरूपावर अवलंबून आहे. एका संगणक प्रणालीच्या लाखो ग्राहकांवर सात, चौदा आणि तीस दिवसांच्या चाचण्यांची तुलना करणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरीने सात दिवसांची चाचणी सर्वाधिक लाभदायक ठरली, मात्र जाणकार आणि अनुभवी ग्राहकांना अधिक मुदतीचा उपयोग होत असल्याचेही दिसले. चित्रपट पाहण्यास सात दिवस पुरेत. परीक्षेच्या वर्गांसाठी किमान एक प्रकरण शिकवून त्यावरील चाचणी परीक्षा होईपर्यंतचा काळ हवा.

शेतीच्या सेवेचे गणित मात्र निराळे आहे. या भागात सोयाबीनची पेरणी जून-जुलैमध्ये होते आणि माल दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. मे महिन्यात दिलेली सात दिवसांची चाचणी शेतकऱ्याला काहीच सांगत नाही, कारण त्या सात दिवसांत ना फवारणीचा निर्णय असतो ना विक्रीचा. अशा सेवेची वानगी हंगामाला बांधलेली असावी. पेरणीच्या वेळी काही दिवस, फुलोऱ्याच्या वेळी काही दिवस आणि विक्रीच्या वेळी काही दिवस, अशी तुकड्या-तुकड्यांनी दिलेली चाचणी एकसलग महिन्याहून अधिक उपयोगी पडेल.

कायदा काय सांगतो?

या बाबतीत भारतीय कायदा आता बराच स्पष्ट झाला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच वर्षीच्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतून मिळाली पाहिजे, आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेतलेली संमती चालत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसव्या मांडणीत अडकविण्याच्या प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार सांगितले असून ‘वर्गणीचा सापळा’ हा त्यांपैकी एक आहे. वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपविणे, सूचना संदिग्ध ठेवणे हे तर त्यात येतेच, परंतु मोफत वर्गणी मिळविण्यासाठी पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप वजावटीची परवानगी देण्यास ग्राहकाला भाग पाडणे, याचाही त्यात स्पष्ट समावेश आहे. म्हणजे ‘आधी बँकेची परवानगी, मग मोफत सेवा’ हा व्यवहार या तत्त्वांत बसत नाही. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना आपल्या संकेतस्थळांची स्वतःच तपासणी करण्यास सांगितले.

रिझर्व्ह बँकेचे नियमही ग्राहकाच्या बाजूने आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या वजावटीसाठी नोंदणीच्या वेळी अतिरिक्त पडताळणी आवश्यक झाली आणि प्रत्येक वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणे बंधनकारक झाले. त्यानंतरच्या वजावटींना १५ हजार रुपयांपर्यंत साधारणपणे पुन्हा पिन किंवा ओटीपी विचारला जात नाही. जून २०२२ पूर्वी ही मर्यादा पाच हजार होती. यूपीआयवरही २०२० पासून ‘ऑटोपे’ची सोय आहे. नियम चांगले आहेत, पण २४ तास आधीची ती सूचना जाहिरातींच्या संदेशांच्या गर्दीत हरवते आणि ज्याला ती वाचता आली पाहिजे त्याला पुष्कळदा ती कळत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मुलांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या कंपन्यांविषयी पालकांना सूचना दिल्या. प्रथमदर्शनी मोफत वाटणाऱ्या सेवा पुढे सशुल्क होतात, म्हणून वर्गणीसाठी आपोआप वजावटीचा पर्याय टाळावा, असा सल्ला त्यांत होता. परदेशांतही हाच अनुभव आहे. ‘प्राइम’ सभासदत्व ग्राहकांच्या स्पष्ट संमतीशिवाय दिले आणि ते रद्द करणे अवघड ठेवले, या आरोपांवरील दावा मिटविण्यासाठी ॲमेझॉनने सप्टेंबर २०२५ मध्ये आरोप मान्य न करता अमेरिकेत अडीच अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले.

ग्राहकाने काय करावे?

मोफत चाचणी घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) चाचणीसाठी कार्डाचा तपशील, यूपीआय पिन किंवा ‘ऑटोपे’ची परवानगी मागितली जाते काय? मागितली तर मुदतीनंतर किती रक्कम आणि किती दिवसांनी वळती होणार, ते वाचल्याशिवाय पिन टाकू नये. एक रुपयाच्या व्यवहाराच्या पडद्यावरच पुढील मोठी रक्कम लहान अक्षरांत लिहिलेली असते.

२) रद्द करण्याचा पर्याय कोठे आहे ते सेवा सुरू करण्याआधीच शोधावे. तो सापडत नसेल तर चाचणी घेऊ नये.

३) मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. भिंतीवरचे ‘कालनिर्णय’ मोबाइलच्या सूचनेहून अधिक वेळा नजरेस पडते.

४) मोबाइलमधून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी रद्द होत नाही. यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ विभागात जाऊन परवानगी रद्द करावी लागते. महिन्यातून एकदा तो विभाग पाहण्याची सवय ठेवावी.

५) चुकीची वजावट झाल्यास प्रथम सेवादात्याकडे लेखी तक्रार करावी व तिची प्रत ठेवावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यानंतर बुलडाणा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस तेथे शुल्क लागत नाही.

द्यावी, पण हात मोकळा ठेवून

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष काय? सशुल्क ऑनलाइन सेवेने मोफत चाचणी अवश्य द्यावी. न पाहिलेल्या मालाचे पैसे ग्राहकाने आधी मोजावेत, ही अपेक्षाच गैर आहे. वस्तू हाताळून पाहता येते, पण सेवा वापरल्याखेरीज कळत नाही. ज्याचे मासिक उत्पन्न ठरलेले नाही, ज्याचा पैसा पावसावर आणि भावावर अवलंबून आहे, अशा ग्रामीण ग्राहकाला तर ही संधी अधिकच हवी. महाराष्ट्रातील संदेशसेवेच्या अभ्यासाने दाखविले त्याप्रमाणे, काही वेळा या चाचणीचा निकाल सेवादात्याच्या विरुद्ध जाईल. तोही बाजाराच्या हिताचाच आहे.

मात्र चाचणी ही वानगी राहिली पाहिजे. तिच्यासाठी बँकेची परवानगी मागू नये, मुदत संपताच ती आपोआप थांबावी, तिची मुदत सेवेच्या स्वभावाला साजेशी असावी, आणि ज्याला पुढे जावयाचे आहे त्याने स्वतः हात पुढे करून पैसे द्यावेत. या अटी पाळणाऱ्याला आरंभी ग्राहक थोडे कमी मिळतील, पण जे मिळतील ते टिकतील आणि आपल्या भावकीत, शेजारात, गावात त्याची शिफारस करतील.

मेहकरच्या किंवा लोणारच्या आवारात मूठभर सोयाबीन हातात घेऊन व्यापारी भाव बोलतो, तेव्हा शेतकऱ्याला तो भाव नाकारून पोते परत गाडीत टाकण्याची मुभा असते. उद्या तोच शेतकरी मोबाइलवर एखादी सेवा पाहून घेईल, तेव्हा तितक्याच सहजपणे ‘नको’ म्हणण्याची मुभा त्यालाही असली पाहिजे. ‘नको’ म्हणणे जेथे सोपे असते, तेथेच ‘हो’ या शब्दाला किंमत असते.